ईमॅक्स लिस्पमध्ये ‘फिल्टर’ मुळातच का नसावे?

ईमॅक्स हा मजकूर-संपादक उघडल्याबरोबर, त्याच्या ईमॅक्स लिस्प या प्रोग्रामिंग भाषेत, एकही लायब्ररी (तयार फंक्शन्सचा जादा संच) न मागवता, यादीतल्या प्रत्येक घटकावर फंक्शन चालवण्यासाठी ‘मॅपकार’ हाताशी असते, यादी उलटी करण्यासाठी ‘रिव्हर्स’ असते, घटक शोधण्यासाठी ‘मेंबर’ आणि ‘असॉक’ असतात. पण यादीतले ठरावीक अटीत बसणारे घटक तेवढे निवडून घ्यायचे, म्हणजे ‘फिल्टर’ करायचे म्हटले, की त्यासाठी साध्या, सुट्या नावाचे एकही फंक्शन सापडत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या ३०.१ या आवृत्तीतही हीच स्थिती आहे. निवडण्याचे काम करणारी फंक्शन्स ईमॅक्ससोबत येत नाहीत असे नाही. ती येतात, किंबहुना एकाहून अधिक येतात, पण प्रत्येक जण कोणत्या ना कोणत्या लायब्ररीचा उपसर्ग लावून येते. यादी हाच ज्या भाषेचा कणा आहे, त्या भाषेच्या गाभ्यात यादीवरची ही प्राथमिक क्रिया नसावी, हे मला पटत नाही. ती गाभ्यात, उपसर्गाविना आणि कोणतेही ‘रिक्वायर’ (लायब्ररी मागवणारी ओळ) न लिहिता उपलब्ध असावी असे माझे मत आहे, आणि त्याची कारणे मांडण्यासाठी हा लेख आहे.

गाभ्यात असे फंक्शन नसल्यामुळे ईमॅक्स लिस्पमध्ये वर्षानुवर्षे एक युक्ती चालत आली आहे. समजा, उघड्या बफरांपैकी (बफर म्हणजे ईमॅक्समध्ये उघडलेला मजकूर) ज्यांच्यामागे एखादी फाइल आहे, तेवढेच हवे आहेत. मग सर्व बफरांच्या यादीवर मॅपकार चालवायचे. त्याला दिलेल्या लॅम्ब्डाने, म्हणजे बिननावी फंक्शनने, प्रत्येक बफर तपासायचा, फाइल असेल तर तो बफरच परत द्यायचा आणि नसेल तर ‘निल’ हे रिकामे मूल्य द्यायचे. यातून मूळ यादीइतकीच लांब, पण मध्ये मध्ये निल पेरलेली नवी यादी तयार होते, आणि त्यातले सगळे निल ‘डेल्क्यू’ या घटक वगळणाऱ्या फंक्शनने काढून टाकायचे. काम एका ओळीत होते, आणि ज्याला ते अंगवळणी पडले आहे त्याला ते खटकतही नाही. मात्र वाचणाऱ्याला त्या ओळीत ‘यांतून हे निवडा’ असे कुठेही लिहिलेले दिसत नाही. त्याला दिसते ते ‘सगळ्यांचे रूपांतर करा आणि मग रिकामे ते पुसून टाका’ असे, आणि लिहिणाऱ्याचा हेतू त्याला त्यातून ओळखून काढावा लागतो.

शिवाय या युक्तीच्या पोटात दोन धोके आहेत. पहिला असा, की ज्या यादीत निल हाच एक वैध घटक आहे, तिथे ती चुकीचे उत्तर देते. ईमॅक्स लिस्पमध्ये निल म्हणजे ‘खोटे’, निल म्हणजे रिकामी यादी आणि निल म्हणजे ‘माहिती नाही’ असे तिन्ही अर्थ असल्यामुळे अशा याद्या दुर्मीळ नाहीत. दुसरा धोका अधिक खोल आहे. डेल्क्यू नवी यादी बनवत नाही. हाती आलेल्या यादीचेच दुवे ते तोडते आणि जोडते. मॅपकारने ताजी यादी बनवून दिलेली असते, एवढ्यामुळेच वरच्या युक्तीत ते सुरक्षित ठरते. ही ओळ कुणाच्या तरी फाइलमधून उचलणाऱ्या नवशिक्याला ते कारण सांगितलेले नसते, आणि पुढे तो डेल्क्यू थेट दुसऱ्याच्या यादीवर चालवतो, तेव्हा ती यादी वापरणाऱ्या प्रत्येकाच्या हातातला माल बदलतो. यादी जर कोडमध्ये स्थिरांक म्हणून लिहिलेली असेल तर खुद्द फंक्शनच बदलते, आणि दुसऱ्यांदा बोलावल्यावर ते वेगळे वागते. त्यातच काढायचा घटक यादीच्या अगदी आरंभी असेल, तर डेल्क्यूने परत दिलेले मूल्य पुन्हा व्हेरिएबलमध्ये ठेवावे लागते. ते न ठेवल्यास घटक गेल्यासारखा वाटतो आणि प्रत्यक्षात तिथेच असतो. ‘मला अमुक घटक हवे आहेत’ एवढे सांगण्यासाठी माणसाला स्मृतीतल्या दुव्यांची ही सगळी व्यवस्था ठाऊक असावी लागावी, हे योग्य नाही.

एक गोष्ट इथे आवर्जून सांगण्यासारखी आहे. २५.१ या आवृत्तीबरोबर ‘सेक’ नावाची लायब्ररी आली आणि तिने ‘सेक-फिल्टर’ दिले. त्याची व्याख्या उघडून पाहिली, तर आत हीच युक्ती दिसते. फरक एवढाच, की निलऐवजी त्या वेळेपुरते एक नवे, इतर कोणत्याही चिन्हाशी न जुळणारे चिन्ह निर्माण केले जाते आणि डेल्क्यू ते चिन्ह गाळते. त्यामुळे पहिला धोका पूर्णपणे टळतो. सर्वांनी मिळून एकदा नीट लिहिलेले फंक्शन आणि प्रत्येकाने आपापल्या फाइलमध्ये लिहिलेली ओळ यांत नेमका कोणता फरक पडतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला सापडलेले नाही.

मग हे काम इतकी वर्षे का झाले नाही? जीएनयू ईमॅक्स १९८५ मध्ये लोकांच्या हाती आले. त्यातली लिस्प प्रामुख्याने मॅकलिस्प या जुन्या लिस्पच्या वळणाची होती आणि ती हेतुपुरस्सर लहान ठेवलेली होती. कॉमन लिस्प, म्हणजे विविध लिस्प भाषांचे एकत्रित प्रमाणरूप, तेव्हा आकाराला येत होती, पण ती प्रचंड होती, आणि त्या काळच्या यंत्रांची स्मृती पाहता संपादकाच्या पोटात एवढी भाषा बसवणे परवडणारे नव्हते. ज्यांना कॉमन लिस्पची फंक्शन्स हवी होती त्यांच्यासाठी ‘सीएल’ हे पॅकेज होते, आणि डेव्ह गिलेस्पी यांनी १९९३ मध्ये त्याला नव्याने जे रूप दिले ते पुढे दोन दशके टिकले. अडचण अशी होती, की ईमॅक्स लिस्पमध्ये नेमस्पेस नाहीत. एका नावाला संपूर्ण ईमॅक्समध्ये एकच फंक्शन जोडलेले असते. ज्याने शेवटी व्याख्या केली त्याचे फंक्शन सगळ्यांसाठी चालते. सीएल पॅकेजने रिमूव्ह-इफ, रिड्यूस (सगळी यादी आटवून एकच मूल्य देणारे), सम, एव्हरी अशी साधी नावे थेट या सामाईक जागेत आणली.

त्यातली काही नावे तर गाभ्यात आधीपासून होती, आणि ती वेगळ्या अर्थाची होती. गाभ्यातले मेंबर दोन घटकांची तुलना ‘ईक्वल’ने करते, म्हणजे मजकूर सारखा असेल तर दोन स्ट्रिंग एकच मानते; कॉमन लिस्पमधले मेंबर मुळात ‘ईक्यूएल’ने तुलना करते, म्हणजे वस्तू तीच आहे का एवढेच पाहते. दोन्ही एका नावाखाली नांदणे अशक्य असल्यामुळे सीएल पॅकेजला आपल्या नावांपुढे तारका लावाव्या लागल्या: मेंबर-तारका, असॉक-तारका, मॅपकार-तारका. नावांच्या या गर्दीमुळे ईमॅक्सच्या अधिकृत लेखनसंकेतांत असा नियम आला, की कोणत्याही पॅकेजने सीएल चालण्याच्या वेळी लोड करू नये, कारण जो वापरकर्ता ते वापरत नाही त्याच्या नावांशी त्याची टक्कर होऊ शकते. नियम मोडला की बाइट-कंपायलर (कोडचे वेगवान रूप बनवणारे साधन) तसा इशारा देत असे.

या नियमातून एक विचित्र परिस्थिती निर्माण झाली. मॅक्रो, म्हणजे दुसरे कोड तयार करणारे कोड, कंपाइल होतानाच विरघळून जात असल्यामुळे सीएलचे मॅक्रो वापरायला परवानगी होती, फक्त फंक्शन्सना नव्हती. परिणामी निवडीसाठी रिमूव्ह-इफ-नॉट हे छोटे फंक्शन वापरता येत नसे, पण ‘लूप’ हा अवाढव्य मॅक्रो, जो स्वतःच एक छोटी भाषा आहे, तो निर्धास्तपणे वापरता येत असे. अनेक जुन्या पॅकेजांमध्ये साध्या निवडीसाठी लूप का दिसतो, याचे एक कारण हे आहे. आखूड आणि स्पष्ट मार्ग बंद ठेवला की लोक काम थांबवत नाहीत, लांबच्या वाटेने जातात, आणि ती वाट पुढे वहिवाट होऊन बसते.

मार्च २०१३ मध्ये २४.३ या आवृत्तीने यावर तोडगा काढला. सीएलची फंक्शन्स ‘सीएल-’ असा उपसर्ग लावून ‘सीएल-लिब’ या नव्या लायब्ररीत ठेवण्यात आली, आणि ती चालण्याच्या वेळी लोड करायला कोणतीही मनाई राहिली नाही. जुने सीएल ऑगस्ट २०२० मधल्या २७.१ मध्ये अधिकृतपणे कालबाह्य ठरले. तोडगा प्रामाणिक होता आणि त्यामागचे कष्ट मोठे होते, पण त्याने कॉमन लिस्पची वागणूकही जशीच्या तशी आत आणली. दरम्यान, २०१२ मध्ये मॅग्नार स्वेन यांची ‘डॅश’ ही लायब्ररी आली. तिने केवळ एका आडव्या रेघेचा उपसर्ग घेऊन मॅप, फिल्टर, रिड्यूस अशी नावे दिली आणि पाहता पाहता असंख्य पॅकेजे तिच्यावर उभी राहिली. बाहेरून आलेली एक लायब्ररी इतक्या पॅकेजांची गरज बनते, तेव्हा ती गरज गाभ्याने भागवायला हवी होती, असाच त्याचा अर्थ मी घेते. सेक आली ती त्यानंतर, सप्टेंबर २०१६ मध्ये.

म्हणजे आज एकाच कामाला चार वाटा आहेत: मॅपकार-डेल्क्यूची युक्ती, सीएल-लिब, डॅश आणि सेक. केवळ नावे वेगळी असती तर तक्रारीचे कारण नव्हते, परंतु वागणूकही वेगळी आहे. मी मराठी मजकुरावर काम करताना लेखांतले शब्द गोळा करून त्यांची यादी बनवते, आणि तीत पुनरुक्ती नको असते. बफरमधून ‘पुणे’ हा शब्द दोन ठिकाणांहून उचलला, की दोन स्वतंत्र स्ट्रिंग तयार होतात. त्यांचा मजकूर एकच, पण वस्तू दोन. सीएल-रिमूव्ह-डुप्लिकेट्सला ही यादी तशीच दिली, तर ते ईक्यूएलने पाहते, दोन्ही ‘पुणे’ वेगळे मानते आणि कोणतीही चूक न दाखवता यादी तशीच परत देते. ‘टेस्ट’ हा कीवर्ड देऊन ईक्वल सांगितले, तरच ते अपेक्षेप्रमाणे वागते. सेक-युनिक मात्र मुळातच ईक्वलने तुलना करते आणि एकच ‘पुणे’ ठेवते. गाभ्यातले डिलीट-डप्स हेही ईक्वलनेच चालते, पण ते मूळ यादी बदलते. तिन्हींचे दस्तऐवज वाचले की हे कळते, यात शंका नाही. तरीही ज्या भाषेचे स्वतःचे मेंबर ईक्वलने चालते, त्या भाषेत मूलभूत फंक्शन्सची वागणूक तशीच असावी ही अपेक्षा रास्त आहे, आणि ती पूर्ण करण्याची जबाबदारी गाभ्याचीच आहे.

विरोधी बाजूकडे दुर्लक्ष करणे योग्य होणार नाही. सर्वांत वजनदार आक्षेप नावांच्या टकरीचा आहे. गाभ्यात उद्या फिल्टर आले आणि कुणाच्या इनिट फाइलमध्ये (ईमॅक्सच्या वैयक्तिक मांडणीच्या फाइलमध्ये) आधीपासून त्याच नावाचे, पण यादी आधी आणि अट नंतर घेणारे फंक्शन असेल, तर त्याचे फंक्शन गाभ्यातल्या फंक्शनची जागा घेईल, आणि गाभ्याच्या फिल्टरवर विसंबलेली पॅकेजे त्याच्याकडे मोडतील. ही भीती काल्पनिक नाही. जावास्क्रिप्टमध्ये मार्च २०१८ मध्ये हेच घडले: याद्या सपाट करणाऱ्या नव्या पद्धतीला ‘फ्लॅटन’ हे नाव देण्याचे ठरत होते, पण मूटूल्स या जुन्या लायब्ररीने तेच नाव आधी वापरलेले असल्यामुळे जुनी संकेतस्थळे बिघडू लागली, आणि अखेर २०१९ च्या प्रमाणित आवृत्तीत ती पद्धत ‘फ्लॅट’ या नावाने आली. त्याआधी ‘कंटेन्स’ हे नाव सोडून ‘इन्क्लूड्स’ घ्यावे लागले, तेही अशाच कारणाने. मात्र जावास्क्रिप्टची अडचण अशी होती, की कोणी देखभाल न करणारी लक्षावधी पाने बदलणे कुणाच्याच हाती नव्हते. ईमॅक्समध्ये पॅकेजांनी स्वतःचा उपसर्ग लावावा असा संकेत पूर्वापार आहे आणि तो बहुतांशी पाळलाही जातो. सुटी नावे राहतात ती वैयक्तिक इनिट फाइलींमध्ये, आणि तिथे मालक हजर असतो. नव्या आवृत्तीच्या बातमीपत्रात एक ठळक नोंद आणि बाइट-कंपायलरचा एक इशारा एवढ्याने हा प्रश्न हाताळता येईल, असे मला वाटते.

दुसरा आक्षेप कीवर्डांच्या ओझ्याचा आहे, आणि तो मला मनापासून मान्य आहे. कॉमन लिस्पच्या यादी-फंक्शन्सना टेस्ट, की, स्टार्ट, एंड, काउंट असे अनेक कीवर्ड लागतात. त्यामुळे ती शिकायला जड आणि चालायला मंद होतात. गाभ्यात जे यावे ते हे नव्हे. निवडीच्या फंक्शनला एक अट आणि एक यादी, इतकेच पुरेसे आहे. मूलभूत फंक्शन गाभ्यात आणणे म्हणजे सगळी कॉमन लिस्प गाभ्यात आणणे, असे समीकरण वर्षानुवर्षे मांडले गेले, आणि त्यामुळेच साध्या मागणीचे घोडे मोठ्या वादात अडकून पडले, असे माझे वाचन आहे.

आणि गाभा बदलतच नाही असेही नाही. ‘डोलिस्ट’ आणि ‘पुश’ हे एके काळी सीएलमध्येच होते. २००१ मधल्या २१ व्या आवृत्तीत ते गाभ्यात आले, आणि आज त्यांच्याविना ईमॅक्स लिस्प लिहिण्याची कुणी कल्पनाही करणार नाही. २६.१ मध्ये मॅपकॅन (प्रत्येक घटकातून मिळालेल्या याद्या एकत्र जोडणारे) आत आले. एप्रिल २०२२ मधल्या २८.१ ने तर फार सुंदर गोष्ट केली: यादीच्या लांबीची एखाद्या संख्येशी तुलना करणारी तीन छोटी फंक्शन्स दिली. यादीत एकाहून अधिक घटक आहेत का एवढे विचारण्यासाठी लेंग्थ वापरले, तर ते दहा हजार घटकांची यादी शेवटपर्यंत मोजत जाते, आणि यादी वर्तुळाकार असेल तर त्रुटी देते. नवे फंक्शन दुसऱ्या घटकापाशी थांबून उत्तर देते. जुलै २०२३ मधल्या २९.१ मध्ये ‘टेक’ आले. यादीचे पहिले काही घटक सोडून उरलेली यादी देणारे ‘एन्थ-कुडर’ पहिल्यापासून होते, पण पहिले काही घटक घेणारे फंक्शन गाभ्यात यायला २०२३ उजाडावे लागले. तोवर कुणी बटलास्टला (शेवटचे घटक सोडून देणाऱ्या फंक्शनला) लांबीतून वजाबाकी करून देत असे, कुणी सीएल-सबसेक (यादीचा तुकडा काढणारे) वापरत असे आणि यादी अपेक्षेहून आखूड निघाली की त्रुटीला सामोरे जात असे. टेक सी भाषेत लिहिलेले आहे, ते वेगवान आहे, यादी आखूड असेल तर आहे तेवढे देते, आणि त्याच्या नावापुढे कोणताही उपसर्ग नाही. ‘टेक’ हे नाव काही ‘फिल्टर’हून कमी प्रचलित नव्हते, ते येऊ शकले, तर फिल्टर येऊ न शकण्याचे तात्त्विक कारण मला दिसत नाही.

३०.१ मध्ये सॉर्टचे रूपही बदलले. नव्या पद्धतीने बोलावल्यास ते मूळ यादीला धक्का लावत नाही, तुलनेचे फंक्शन सांगितलेच पाहिजे असे नाही, आणि की, रिव्हर्स असे मोजके कीवर्ड घेते. जुन्या पद्धतीने बोलावणाऱ्यांसाठी जुनी वागणूक कायम आहे. गाभ्यातले फंक्शन कुणाचेही जुने कोड न मोडता किती सुधारता येते, याचा हा उत्तम नमुना आहे. (मराठी शब्द लावताना मात्र तुलनेचे फंक्शन अजूनही आपणच द्यावे लागते, कारण मुळातली तुलना युनिकोडच्या क्रमाने होते आणि त्या क्रमात ‘ळ’ लगेच ‘ल’नंतर येतो; आपल्या वर्णमालेत त्याची जागा ‘ह’नंतर आहे.)

इतर भाषांकडे पाहिले तर प्रत्येकीने ही सीमारेषा वेगळ्या ठिकाणी आखली आहे. हास्केलच्या प्रत्येक मॉड्यूलमध्ये आपोआप येणाऱ्या प्रेल्यूडमध्ये मॅप, फिल्टर, टेक, ड्रॉप पहिल्यापासून आहेत. पण डावीकडून गोळा करत जाणाऱ्या फोल्डची काटेकोर आवृत्ती, जी मोठ्या यादीवर स्मृती तुंबू देत नाही, ती २०२४ मधल्या जीएचसी (हास्केलचा प्रमुख कंपायलर) ९.१० पर्यंत वेगळी मागवावी लागत होती, आणि नवशिक्यांच्या हाती आपोआप येत होती ती स्मृती तुंबवणारी. स्कीममध्ये ऑलिन शिव्हर्स यांनी १९९९ मध्ये यादी-फंक्शन्सचा सविस्तर संच मांडला, तरी स्कीमच्या २०१३ च्या छोट्या प्रमाणित आवृत्तीत फिल्टर नाही. पायथनने उलट दिशा घेतली: २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीत रिड्यूस मुळातल्या फंक्शन्समधून काढून वेगळ्या मॉड्यूलमध्ये ठेवले, फिल्टर मात्र जागेवर राहिले. रिड्यूसचे काम साध्या लूपने अधिक वाचनीय होते, हा त्यामागचा युक्तिवाद मला बराचसा पटतो, आणि म्हणून ईमॅक्समध्येही रिड्यूससाठी माझा आग्रह कमी आहे. फिल्टरबाबत मात्र तो पुरा आहे.

नवे फंक्शन गाभ्यात आले तरी पॅकेज लिहिणाऱ्यांना जुन्या आवृत्त्या सांभाळाव्या लागतात, त्यामुळे कित्येक वर्षे ते वापरता येणार नाही, असे म्हटले जाते. ही अडचण आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. जीएनयू एल्पा या ईमॅक्सच्या अधिकृत पॅकेज-भांडारात ‘कॉम्पॅट’ नावाचे पॅकेज आहे, आणि नव्या आवृत्त्यांतली अनेक फंक्शन्स ते जुन्या ईमॅक्सला पुरवते. टेक आणि लांबीची ती तीन फंक्शन्स त्याच वाटेने जुन्या आवृत्त्यांपर्यंत पोहोचली आहेत. फिल्टरलाही ती वाट मोकळी आहे. आर्गुमेंटांच्या क्रमावरही नव्याने वाद घालण्याची गरज नाही: मॅपकार, डॅश, सेक आणि सीएल-लिब या सर्वांत फंक्शन आधी आणि यादी नंतर असाच क्रम आहे. राहतो तो निर्णय, की सुटे नाव गाभ्याने घ्यावे की नाही. माझ्या मते ते घ्यावे, अंमलबजावणी सी भाषेत करावी, फंक्शन केवळ याद्यांपुरते ठेवावे, आणि व्हेक्टर किंवा स्ट्रिंग गाळण्याचे काम सेककडेच राहू द्यावे.